गावोगावचा पाऊस मोजणारा ग्रुप उभा करताना

बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीच्या घाटमाथ्यावर धो धो कोसळत असताना येळ्ळूरच्या भातशेतात नुसती भुरभुर असू शकते. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, त्यामुळे खानापुरात नदी किती चढणार हे निव्वळ खानापूरच्या पावसावरून कळत नाही. म्हणून एका महागड्या यंत्रापेक्षा गावोगावी साधी पर्जन्यमापकं आणि ती रोज वाचणारी माणसं जास्त कामाची.

मापक घरीच होतं. आतून ११.३ सेंमी व्यासाचं नरसाळं घ्या. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी भरतं, म्हणून खाली साठलेलं १० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. काठ उभा आणि खोल हवा, उथळ नरसाळ्यातून थेंब आपटून बाहेर उडतात. खाली दोन लिटरची बाटली बेळगाव शहरात बहुतेक दिवस पुरेल. कणकुंबी-जांबोटीकडे मात्र नको: २०० मिमीला ती भरते आणि नेमका सगळ्यात मोठा पाऊस ओसंडून जातो. तिथे पाच लिटरचा कॅनच ठेवा. कौलांच्या पागोळ्या, फणस, माड यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब.

वाचन सकाळी साडेआठला. हवामान खात्याची वेळ तीच आहे, म्हणून आकडे ताडून पाहता येतात. आकडा आधी वहीत, मग ग्रुपवर. रेंज गेली तरी नोंद राहते. मेसेजचा साचा एकच: गाव, तारीख, मिमी. कन्नड बोलणारे शेजारीही येतील, तेव्हा सूचना दोन्ही भाषांत द्या आणि अंक इंग्रजी ठेवा.

खरी गडबड शून्याची होते. पाऊस नाही म्हणून लोक काहीच पाठवत नाहीत, आणि शीटमधली रिकामी चौकट कोरड्या दिवसाची की विसरलेल्या दिवसाची, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या दिवसापासून ० लिहायला लावा. एखादा दिवस चुकला तर दोन दिवसांचं पाणी निम्मं-निम्मं वाटू नये, ‘दोन दिवसांचं मिळून’ अशी नोंद करावी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मिलीलाच मिमी समजणं: ३२ च्या जागी ३२० येतो. शेजारच्या गावांशी न जुळणारा आकडा ॲडमिनने खोडू नये, मोजपात्राचा, म्हणजे मिली मोजायच्या भांड्याचा, फोटो मागवावा. घाटाजवळ शेजारच्या दोन गावांत मोठा फरक खराही असतो. आणि हे विचारायचं खासगीत. चारचौघांत चूक दाखवली की माणूस दुसऱ्या दिवसापासून गप्प होतो, आणि ते गाव नकाशावरून जातं.

लावणीच्या दिवसांत नोंदी पाठवणाऱ्यांची गळती हमखास लागते. प्रत्येक मापकाला घरातली दोन माणसं नेमा. शाळकरी मुलं हे काम फार चोख करतात. दर रविवारी सगळ्या गावांचे आकडे एका नकाशावर घालून ग्रुपवर टाका. आपल्या परड्यातला आकडा शेजारच्या गावाशेजारी दिसला की लोक आपणहून विचारू लागतात, ‘तिकडे आमगावात किती झाला?’