जुन्या लॅपटॉपचा फॅन फार आवाज करतोय? आधी या चुका टाळा

विंडोज सेव्हनचा लॅपटॉप घूं घूं करायला लागला की लोक आधी फॅन गप्प करायच्या मागे लागतात. फॅन फिरतोय कारण आत काहीतरी तापलंय. ते काय, हे बघायला कुणाला वेळ नसतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे फॅनचा वेग कमी करणारं सॉफ्टवेअर टाकणं. ओळखीतल्या एका काकांच्या दुकानाचा सगळा हिशेब जुन्या आय-फाइव्ह लॅपटॉपवर होता. भाच्याने व्हिडिओ बघून असलंच एक सॉफ्टवेअर टाकलं, आवाज थांबला, सगळे खूश. पुढे नोंदी करता करता मशीन धाडकन बंद पडायला लागलं. बॅटरी गेली असं समजून काकांनी नवी आणली, तरी तेच. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ च्या नोंदींची रांग लागलेली होती. ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलंय. कारण तापमानात सापडलं, थोडं काम दिलं की ते नव्वदीच्या पुढे जात होतं. खोलून पाहिलं तर फॅन आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्यांच्या मध्ये धुळीचा जाजमासारखा थर. बाहेरच्या जाळीतून तो दिसतच नाही. चिमट्याने तो सोलून काढला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदलली, ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. फॅन आपोआप शांत झाला. बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनर नको.

दुसरी चूक ‘हाय परफॉर्मन्स’ची. जुनं मशीन पळावं म्हणून कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधला हा प्लॅन लावतात. त्यात ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ (प्रोसेसरचा किमान वेग) १०० टक्के असतं, म्हणजे नुसतं वर्ड उघडं असलं तरी प्रोसेसरला वेग उतरवायची मुभा नाही. बॅलन्स्ड ठेवा, तिथे ते ५ टक्के असतं. मी त्यात ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करतो. टर्बो बूस्ट (कामाच्या वेळी वेग आपोआप वाढवणारी सोय) असलेल्या इंटेल प्रोसेसरचा टर्बो त्याने बंद होतो. आय-फाइव्ह २४१०एम असेल तर २.९ ऐवजी २.३ गिगाहर्ट्झवर काम चालतं. हिशेबाला, टायपिंगला फरक जाणवत नाही, उष्णता चांगलीच उतरते. काही उतावळे थेट ५० करतात. मग साधं पान उघडायलाही इतका वेळ लागतो की वैतागून ते पुन्हा हाय परफॉर्मन्सवर येतात.

त्याच सेटिंग्जमधली ‘सिस्टम कूलिंग पॉलिसी’ चार्जर लावलेला असताना अ‍ॅक्टिव्हच असू द्या. पॅसिव्हमध्ये फॅन वाढायच्या आधी प्रोसेसरचा वेग कमी होतो.

टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’ (विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारी प्रोसेस) सगळ्यात वर दिसला की घाबरून प्रोसेस मारू नका. राइट क्लिक करून ‘गो टू सर्व्हिसेस’ने कुठली सर्व्हिस आहे ते बघा. अपडेट २०१६ च्या आधीच अडकले असतील तर बहुधा विंडोज अपडेटच एक कोअर खात बसलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचे केबी३०२०३६९ आणि मग केबी३१७२६०५ हे अपडेट याच क्रमाने टाका.

दोन अँटिव्हायरस नकोत. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका. खालची हवा कोंडते.

क्रोम ब्राउझरची १०९ ही विंडोज सेव्हनसाठी शेवटची आवृत्ती. टॅब कमी ठेवा. सेव्हनचा सपोर्टही १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.

आणि आवाज हवेचा नसून घर्र घर्र असेल, तर सेटिंग्जमध्ये वेळ घालवू नका. बेअरिंग गेलंय. तेलाचा थेंब काही दिवस चालतो, मग पुन्हा तेच. फॅन बदला, आणि मागवताना नंबर जुन्या फॅनच्या स्टिकरवरून घ्या. लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर फॅनही वेगळा असू शकतो.