यात्रेआधी फ्रिजची तयारी

गावची यात्रा तोंडावर आली की घराला रंग लागतो, माळ्यावरची पातेली उतरतात, पै-पाहुण्यांना फोन जातात. फ्रिज मात्र सगळे विसरतात. मग तिखट जेवणाच्या रात्री उरलेल्या रश्श्याला जागाच नसते. बेळगाव-खानापूरकडच्या बऱ्याच यात्रा ऐन उन्हाळ्यात येतात, त्यामुळे हे काम चार दिवस आधीच उरकून घ्या.

आधी फ्रिज रिकामा करा. जुन्या चटण्या, अर्धवट पाकिटं काढून टाका. कप्पे आणि दाराचं रबर सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसा. दारात कागदाची पट्टी धरून ओढून बघा, अलगद सुटली तर रबर सैल झालंय. आतलं तापमान 4 अंशांच्या वर नको, फ्रीझरचं उणे 18. बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा, म्हणजे खरं काय ते कळेल. प्लास्टिकच्या दोन-तीन बाटल्यांत थोडी जागा सोडून पाणी भरा आणि त्या फ्रीझरमध्ये गोठत ठेवा.

कच्चं मटण किंवा गोव्याकडून आलेले मासे सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या खोलगट डब्यात. वर ठेवलं की त्याचं पाणी कोथिंबिरीवर ठिबकतं. एक-दोन दिवसांत लागणार नसेल ते फ्रीझरमध्ये, आणि तिथून काढलं की ओट्यावर नाही, खालच्या कप्प्यातच रात्रभर सुटू द्या. दूध दारात नको, तिथं सारखी गरम हवा लागते; दारात पाण्याच्या बाटल्या ठेवा. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, घट्ट झाकणात, नाहीतर मटणाचा वास धरतो. कांदे, बटाटे, केळी बाहेरच.

खरी काळजी रश्श्याची. मोठं पातेलं तसंच आत सरकवलं तर कडेला गार होतं आणि मधे कित्येक तास कोमट राहतं. 5 ते 60 अंशांत जंतू झपाट्यानं वाढतात, आणि फ्रिज त्यांना मारत नाही, फक्त मंदावतो. म्हणून पंगत उठली की रस्सा दोन बोटं खोलीच्या पसरट डब्यांत वाटा, डबे परातीतल्या गार पाण्यात ठेवा, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये घाला. डब्यांमधे हवा खेळायला जागा सोडा. भाताचंही तसंच: शिजवूनही त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, तेव्हा बासमतीचा उरलेला भात दुसऱ्या दिवशी संपवाच. रस्सा तीन दिवस चालेल, दरवेळी लागेल तेवढाच काढून खळखळून उकळा.

लाईट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. आणि पाहुण्यांना डबा द्यायचाच. कोल्हापूर गाठेपर्यंत दोन तास सहज जातात, म्हणून रस्सा गरम करून बांधू नका. फ्रिजमधला थंडच, गोठवलेल्या बाटलीला टेकवून द्या आणि घरी गेल्यावर उकळी आणायला सांगा.