अकरावी-बारावीचं फिजिक्स: वर्गात आणि लॅबमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

ज्युनियर कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात फिजिक्सचे सर किंवा मॅडम नियमांची यादी सांगतात. कॅल्क्युलेटर आणायचा नाही. रीडिंग पेनने लिहायचं. सर्किट दाखवल्याशिवाय की (सर्किट चालू-बंद करायची किल्ली) लावायची नाही. जर्नल पुढच्या टर्नला तपासून घ्यायचं. मुलं मान डोलावतात आणि जानेवारीत प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली की धावाधाव करतात. यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुठल्या तरी ठरावीक चुकीमुळे आलेला आहे. ती चूक एकदा समजली की नियम वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही.

कॅल्क्युलेटर नाही म्हणजे नाही

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पेपरात लॉगटेबल (लॉगॅरिदमचे छापील तक्ते) चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. एमएचटी-सीईटीलाही कॅल्क्युलेटर नाही. तरी वर्षभर घरी मोबाइलवर आकडे दाबून गणितं सोडवली जातात आणि लॉगटेबल फेब्रुवारीत उघडलं जातं. तेव्हा सगळ्यात जास्त घात करतो तो बार, म्हणजे लॉगच्या पूर्णांकावरची ‘हा ऋण आहे’ सांगणारी आडवी रेघ.

उदाहरण घ्या. ०.००२५६ चं वर्गमूळ काढायचं आहे. लॉग येतो बार-३.४०८२. याला २ ने भागताना अनेक जण सगळी संख्या ऋण धरतात, १.७०४१ काढतात आणि त्यावर बार ठेवून बार-१.७०४१ लिहितात. अँटिलॉग (लॉगवरून परत काढलेली संख्या) येतो ०.५०६. खरं उत्तर आहे ०.०५०६. म्हणजे बरोबर दहा पट चूक, आणि अंक तेच असल्यामुळे नजरेला खटकतही नाही. कारण साधं आहे: बार फक्त ३ वर आहे, .४०८२ धनच आहे. म्हणून आधी बार-३ चं बार-४ अधिक १ करायचं. मग बार-४ भागिले २ म्हणजे बार-२, आणि १.४०८२ भागिले २ म्हणजे ०.७०४१. उत्तर बार-२.७०४१. घनमूळ असेल तर बारवरचा आकडा ३ ने भाग जाईल असा करून घ्यायचा.

मीन डिफरन्सचा (चौथ्या अंकासाठी मिळवायच्या आकड्यांचा) कॉलम विसरणं ही दुसरी चूक, पण तिने शेवटचा अंकच हलतो. बारची चूक उत्तरच बदलते. रोज एक गणित लॉगटेबलवर केलं तर दिवाळीपर्यंत हात बसतो. सुट्टीत एकदम वीस गणितं केल्याने तो बसत नाही.

रीडिंग: पेनने, आणि दिसलं तसंच

रफ वहीत पेन्सिलने रीडिंग घेऊ नका, असं का सांगतात? कारण पेन्सिलीचं रीडिंग ‘दुरुस्त’ होतं. शेजारच्या ग्रुपचं जी चं (गुरुत्वीय त्वरणाचं) उत्तर ९.८ आलं, आपलं १०.९, की खोडरबर निघतो. चुकलेल्या रीडिंगवर एक आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि नवीन रीडिंग बाजूला लिहा. गिरवून आकडा बदलू नका. ३ चा ८ केलेला लगेच कळतो.

बनावट रीडिंग कसं पकडलं जातं, हेही सांगून टाकतो. व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०१ सेमी असताना वहीत २.३४५ सेमी लिहिलेलं असतं. हातातल्या स्टॉपवॉचचा काटा ०.२ सेकंदाच्या घरांनी पुढे सरकतो आणि तक्त्यात ४०.३ सेकंद असतं. उपकरण जे दाखवूच शकत नाही ते वहीत आलं, तर ते कुठून आलं हे विचारायची गरज उरत नाही. मोठ्या भावाच्या किंवा ताईच्या जर्नलमधून उतरवलेल्या रीडिंगचं तेच. गेल्या वर्षीचा स्प्रिंग वेगळा, तार वेगळी, अज्ञात रेझिस्टन्सही वेगळा.

आणि १०.९ आलेलं उत्तर खोडू नका, कारण त्यातच चुकीचा पत्ता असतो. साध्या लंबकाच्या प्रयोगात २० आंदोलनांचा वेळ घेतात. घड्याळ सुरू करताना तोंडातून ‘एक’ निघालं, तर ‘वीस’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ च आंदोलनं झालेली असतात. आवर्तकाळ ५ टक्क्यांनी कमी येतो, जी मात्र आवर्तकाळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो. ९.८ चं १०.९ झालं! उपाय: घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणायचं. जी थोडासाच कमी येत असेल, समजा ९.७, तर लांबी तपासा. दोरा फक्त हुकपर्यंत मोजलेला असतो आणि गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिलेली असते. १ मीटर लांबीला १ सेमी त्रिज्या विसरली तर १ टक्का फरक पडतो.

झिरो एरर

झिरो एरर म्हणजे काहीच मोजत नसताना उपकरण दाखवतं तो आकडा. अकरावीतला हा छोटा विषय बारावीच्या तोंडी परीक्षेतही विचारला जातो आणि तिथेच मुलं अडखळतात. जबडे मिटल्यावर व्हर्नियरचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे असेल तर एरर धन, आणि तो रीडिंगमधून वजा करायचा. मुख्य पट्टी २.३ सेमी, सहावी रेघ जुळते, म्हणजे २.३६, एरर ०.०३ धन असेल तर खरं माप २.३३ सेमी.

शून्य डावीकडे असेल तर एरर ऋण. इथे गडबड होते. सातवी रेघ जुळली की मुलं सरळ उणे ०.०७ लिहितात. १० भागांच्या व्हर्नियरवर ते चुकीचं आहे: १० मधून ७ वजा करायचे, उरले ३, म्हणून एरर उणे ०.०३. तो वजा करायचा म्हणजे ०.०३ मिळवायचा.

मायक्रोमीटर स्क्रू गेजला आणखी दोन सवयी लागतात. शेवटी कायम रॅचेटनेच फिरवा, टक आवाज आला की थांबा. अंगठ्याच्या जोराने आवळलं तर बारीक तार दबते. आणि स्क्रू एकाच दिशेने फिरवत रीडिंग घ्या. पुढे-मागे केलं तर आट्यांमधल्या ढिलेपणामुळे स्क्रूचं डोकं फिरतं पण स्क्रू पुढे-मागे सरकत नाही. लीस्ट काउंट ०.०१ मिमी असतो. तो सेमीमध्ये ०.००१ होतो, हे तक्त्याच्या डोक्यावर आधीच लिहून ठेवा, नाहीतर क्षेत्रफळ काढताना शंभर पटींचा घोळ होतो.

की लावण्याआधी सर्किट दाखवा

हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. अ‍ॅमीटर चुकून सेलला समांतर जोडला तर त्याचा रेझिस्टन्स फार कमी असल्यामुळे प्रचंड करंट जातो, काटा आपटून वाकतो. झेनर डायोडला सिरीज रेझिस्टन्स लावायचा राहिला तर ब्रेकडाउननंतर (डायोडमधून उलट्या दिशेने करंट एकदम वाहू लागल्यावर) तो अडवायला काहीच नसतं आणि डायोड जळतो. डायोडची किंमत किरकोळ असते, पण त्या टेबलावरच्या पुढच्या बॅचचा प्रयोग अडतो.

सर्किट बरोबर जोडूनही मीटर ब्रिजवर (एक मीटर तारेवर अज्ञात रेझिस्टन्स मोजायच्या साधनावर) नल पॉइंट, म्हणजे गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येतो ती जागा, मिळत नाही, ही नेहमीची तक्रार. लगेच सरांना हाक मारण्याआधी जॉकी (तारेवर टेकवायची धातूची कळ) तारेच्या दोन्ही टोकांना एकेकदा टेकवून बघा. काटा विरुद्ध बाजूंना गेला पाहिजे. दोन्ही टोकांना एकाच बाजूला जात असेल तर वरच्या दोन फटींपैकी एक शाखा तुटलेली आहे: रेझिस्टन्स बॉक्सचा एखादा प्लग सैल असेल, किंवा जोडतारेची टोकं पॉलिशपेपरने घासायची राहिली असतील. काटा कुठेच हलत नसेल तर सेल, की किंवा गॅल्व्हानोमीटरच्या जोडणीत खंड आहे. विरुद्ध बाजूंना जातो पण नल पॉइंट अगदी टोकाला येतो? मग जोडणी ठीक आहे, बॉक्समधला रेझिस्टन्स बदला. नल पॉइंट ३० ते ७० सेमीच्या दरम्यान आला की टोकाच्या चुकांचा परिणाम कमी होतो.

जॉकी तारेवरून घासत नेऊ नका. उचला, पुढे न्या, हलकेच टेकवा. घासल्याने तार जागोजागी झिजते, जाडी एकसारखी राहत नाही, आणि लांबीच्या प्रमाणात रेझिस्टन्स हे गृहीतच कोसळतं. (बऱ्याच लॅबमधल्या तारा अशाच झिजलेल्या असतात. म्हणून फटींमधल्या जोडण्यांची अदलाबदल करून दुसरं रीडिंग घ्यायला सांगतात.)

पोटेन्शिओमीटरवर (लांब तारेवर सेलचं व्होल्टेज मोजायच्या साधनावर) काटा सगळीकडे एकाच बाजूला जात असेल तर दोन शक्यता: मुख्य बॅटरीचा ईएमएफ (तिचं मूळ व्होल्टेज) मोजायच्या सेलपेक्षा कमी आहे, किंवा दोन्हींची धन टोकं तारेच्या एकाच टोकाला जोडलेली नाहीत. रीडिंग झाल्यावर की काढा. चालू ठेवली की तार तापते आणि दहा मिनिटांपूर्वीचं रीडिंग आत्ताच्याशी जुळत नाही.

रेझोनन्स ट्यूबसाठी ट्युनिंग फोर्क टेबलावर आपटायचा नाही, रबरी पॅडवर हलकेच मारायचा. एन्ड करेक्शनचा (नळीच्या उघड्या टोकासाठी लांबीत करायच्या दुरुस्तीचा) गोंधळ नको असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या रेझोनन्सच्या लांबीतला फरक वापरा, करेक्शन आपोआप उडून जातं.

आलेख

अक्षांवर राशी आणि एकक दोन्ही लिहा, कोपऱ्यात स्केल लिहा. बिंदू सरळ रेषेत दिसले म्हणून रेघ ओढून-ताणून आरंभबिंदूतून नेऊ नका. स्लोप (रेषेचा चढ) काढताना तक्त्यातलेच दोन बिंदू घेण्याची सवय फार जणांना असते. मग आलेख काढला कशाला? रेषेवरचे, एकमेकांपासून लांबचे दोन बिंदू घ्या. लंबकाच्या आलेखात आवर्तकाळाचा वर्ग उभ्या अक्षावर असेल तर ४ पाय वर्ग (३९.४८) ला स्लोपने भागायचं, लांबी उभ्या अक्षावर असेल तर गुणायचं. पाठ केलेलं सूत्र आणि उलटे अक्ष एकत्र आले की जी चं उत्तर भलतंच येतं.

लेखी पेपर

लेखी ७० गुणांची, प्रॅक्टिकल ३० गुणांचं. गणितात दिलेल्या राशी, सूत्र, किमती भरणं, एककासह उत्तर, हे टप्पे वेगवेगळ्या ओळींवर लिहा. शेवटच्या आकड्यात लॉगची चूक झाली तरी सूत्राचे आणि मांडणीचे गुण हातात राहतात. नुसतं उत्तर लिहिलं आणि ते चुकलं तर काहीच नाही. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं, आणि पहिला प्रयत्नच तपासला जातो. म्हणून तिथे खाडाखोड करून दुसऱ्यांदा लिहिण्यात अर्थ नाही. नकारात्मक गुण मात्र नसतात, तेव्हा कोरं सोडू नका. क्लासमधली जेईईची, चुकायच्या भीतीने कोरं सोडायची सवय इथे नडते.

हजेरी आणि जर्नल

बोर्डाचा ७५ टक्के हजेरीचा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण मुलं लेक्चरचा हिशेब करतात आणि प्रॅक्टिकलचा विसरतात. लेक्चर बुडालं तर मित्राची वही मिळते. प्रॅक्टिकलचा टर्न बॅचला आठवड्यातून एकदाच येतो. तो बुडाला की उपकरणं पुढच्या प्रयोगासाठी बदललेली असतात. आजारपण असेल तर त्याच आठवड्यात सर-मॅडमना सांगून दुसऱ्या बॅचबरोबर बसायची परवानगी मागा. डिसेंबरमध्ये चार प्रयोग एकत्र मागितले तर लॅब असिस्टंट दादांनाही ते जमवता येत नाही.

ग्रुपमध्ये तिघं असतील तर कामं दर वेळी बदला: एक जण जोडणी, एक जण रीडिंग, एक जण नोंद. कायम वही लिहिणाऱ्याला परीक्षेत एकट्याने मीटर ब्रिज जोडावा लागतो. रफ वहीवर त्याच दिवशी सही घ्या, उत्तर चुकलेलं असलं तरी. जर्नल उतरवताना निकाल ‘सुधारला’ आणि रफ वहीशी तो जुळला नाही, तर ते पान परत येतं. अनुक्रमणिकेत तारीख आणि पान क्रमांक भरा, प्रमाणपत्राच्या पानावर नाव आणि बैठक क्रमांकाची जागा तपासा, आणि शेवटच्या प्रयोगावर सही झाल्याच्याच आठवड्यात जर्नल प्रमाणित करून घ्या. विभागप्रमुख रजेवर असण्याचा दिवस नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशीच येतो.