जिमखान्यातली तक्रार अधिसभेपर्यंत कशी न्यावी

महाविद्यालयीन खेळाडूंच्या बहुतेक तक्रारी जिमखान्यात सुरू होतात आणि तिथेच विरतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्याच दिवशी सत्र परीक्षेचा पेपर येतो, किंवा स्पर्धा होऊन महिने उलटले तरी प्रवासभत्ता हाती पडत नाही. अशा वेळी सरांच्या ओळखीने आपल्यापुरती सवलत मिळवता येते. पण मागून येणाऱ्या खेळाडूंनाही लागू पडेल असा नियम हवा असेल, तर वाट वेगळी आणि लांबची आहे; ती विद्यापीठाच्या अधिसभेपर्यंत, म्हणजे सिनेटपर्यंत, जाते.

प्रथम एकच प्रश्न निवडावा. परीक्षा, भत्ता, किट आणि मैदान हे सारे एकाच निवेदनात कोंबले, की कार्यालय त्यातल्या सर्वांत सोप्या मागणीला उत्तर देऊन मोकळे होते. परीक्षेचा प्रश्न घेतला असेल, तर गेल्या तीन वर्षांत किती खेळाडूंचे पेपर बुडाले आणि त्यांची फेरपरीक्षा झाली का, याची तारखांसह नोंद करावी. सध्याचा नियम काय सांगतो, हे विद्यापीठाच्या परिपत्रकांत पाहावे. नियम आहे पण महाविद्यालय तो पाळत नाही, असेही पुष्कळदा निघते, आणि मग मागणीच बदलते.

माहिती सहज मिळत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. महाराष्ट्रात त्याचे शुल्क १० रुपये आहे. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. विनाअनुदानित महाविद्यालय टाळाटाळ करील अशी शंका असल्यास, विद्यापीठाकडे असलेली माहिती विद्यापीठाकडूनच मागवावी.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी परिषदेची आणि तिच्या निवडणुकांची तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र या निवडणुका लांबणीवरच पडत राहिल्या. म्हणून परिषद अस्तित्वात असेल तर तिचा ठराव अवश्य घ्यावा, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे १० निवडून आलेले सदस्य असतात. ते मतदारांशी बांधील असल्याने माझ्या मते विद्यार्थ्याने आधी त्यांचेच दार ठोठावावे. सोबत एका पानाचे टिपण न्यावे: अडचण, आकडे, सध्याचा नियम आणि सुचवलेल्या दुरुस्तीचा नेमका मजकूर. हा मजकूर बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि मागणी ‘सहानुभूतीपूर्वक विचार करू’ या शेऱ्यावर थांबते.

मागणी खर्चाची असेल, तर वेळ फार महत्त्वाची ठरते. विद्यापीठाचा अर्थसंकल्प साधारणतः मार्चमध्ये अधिसभेपुढे येतो आणि सदस्यांना प्रश्न व प्रस्तावांची सूचना आधी द्यावी लागते. त्यामुळे टिपण डिसेंबरातच तयार हवे. नेमके तेच दिवस स्पर्धांच्या धामधुमीचे असल्याने आकडे गोळा करण्याचे काम उन्हाळी सुट्टीत उरकावे आणि न खेळणारा एखादा सहकारी सोबत घ्यावा. सरावाला दांडी मारून निवेदने देत फिरणाऱ्या खेळाडूचे म्हणणे प्रशिक्षकही मनावर घेत नाहीत.

बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मिळवावी आणि ठरावाचे परिपत्रक निघाले का, याची परीक्षा विभागात लेखी चौकशी करावी. परिपत्रक निघेपर्यंत आपले शेवटचे वर्ष संपण्याचा संभव असतो. म्हणून सगळे कागद एका फाइलमध्ये लावून ती संघातल्या प्रथम वर्षाच्या खेळाडूकडे सोपवावी.