ट्रस्टची जागा विकायची आहे? आधी दप्तर, मग किंमत, गिऱ्हाईक शेवटी

तालमीचे रस्त्याकडेचे दोन गाळे, शिक्षण संस्थेची गावाबाहेरची एकरभर पडीक जमीन, देवळाचं जुनं घर, शहराच्या मध्यातली मोडकळीला आलेली वसतिगृहाची इमारत. कोल्हापुरात ट्रस्टांकडे अशा मिळकती पुष्कळ आहेत. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, इथं एकापाठोपाठ एक बोर्डिंगं उभी राहिली. तेव्हा गावकुसाजवळ वाटणाऱ्या जागा आता ऐन बाजारपेठेत आल्या आहेत. त्या विकण्याची, भाड्याने देण्याची किंवा विकसकाला देण्याची वेळ आली की बहुतेक ठिकाणी घोळ एकाच कारणाने होतो. आधी गिऱ्हाईक ठरतं, विसार घेतला जातो, आणि परवानगीचा विषय त्यानंतर निघतो. हा क्रम उलटा केला तर निम्मी अडचण जागच्या जागी संपते.

परवानगी कशाला लागते

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार सार्वजनिक ट्रस्टच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. भाडेपट्ट्याला मुदतीची मर्यादा आहे. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीने, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल तर परवानगी हवीच. एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला जागा फुकट दिली तरी ते बक्षीसच, त्यालाही सूट नाही. मिळकत तारण ठेवून कर्ज काढायचं असेल तर कलम ३६-अ पाहा; ट्रस्टच्या नावाने कर्ज घेण्यावरही तिथं बंधन आहे.

सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली शिक्षण संस्था किंवा धर्मादाय मंडळ स्वतःला ट्रस्ट समजत नाही, पण या कायद्याच्या व्याख्येत ते येतं. ‘आमची सोसायटी आहे, आम्हाला ३६ लागू नाही’ हा समज चुकीचा आहे. घरच्या माणसांसाठी केलेल्या खासगी ट्रस्टला मात्र १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा लागतो. तिथं हे कलम येत नाही.

पळवाट म्हणून दोन गोष्टी सर्रास केल्या जातात. पहिली, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार त्याच माणसाशी वर्षानुवर्षं करत राहणं. कागदावर परवाना असला तरी ताबा, भाडं आणि वहिवाट भाडेकरूसारखी असेल तर वाद झाल्यावर कोर्ट कागदाचं शीर्षक बघत नाही, व्यवहाराचं स्वरूप बघतं. तोवर ट्रस्टचा गाळा हातचा गेलेला असतो. दुसरी, विक्रीऐवजी ‘विकसन करार’ करणं. विकसकाला जागेवर बांधून बाहेरच्यांना सदनिका विकण्याचा हक्क मिळत असेल तर मिळकतीतला हिस्सा ट्रस्टबाहेर जातोच. अशा कराराआधीच परवानगी घ्यावी.

दप्तर साफ करा. इथंच सगळ्यात जास्त वेळ जातो

पहिला कागद म्हणजे धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा, म्हणजे पीटीआरचा (सार्वजनिक ट्रस्टांच्या नोंदवहीचा), ताजा प्रमाणित उतारा. त्यात दोन गोष्टी बघायच्या: विश्वस्तांची नावं आणि मिळकतींची यादी.

विश्वस्तांच्या रकान्यात वारलेल्या माणसांची नावं असणं ही इथली नेहमीची गत. निवडणुका होतात, नवी कमिटी बसते, पण कलम २२ चा बदल अर्ज, म्हणजे नोंदीतला फरक कळवणारा अर्ज, एक तर दिलेला नसतो किंवा वाद होऊन वर्षानुवर्षं पडून असतो. नोंदीवर नसलेल्या माणसांनी केलेल्या ठरावावर कुणीही हरकत घेऊ शकतो, आणि विरोधी गट ती घेतोच. बदल अर्ज प्रलंबित असतील तर आधी ते मार्गी लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढं गेलेली प्रकरणं सुनावणीत तिथंच परत येतात.

विकायची मिळकत यादीत नसेल तर तीही आधी नोंदवून घ्या. ट्रस्टने जागा खरेदी केली, कुणी बक्षीस दिली, पण बदल अर्ज दिलाच नाही, असं पुष्कळदा झालेलं असतं.

मग महसुली कागद. शहरातली मिळकत असेल तर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा. कोल्हापुरात सिटी सर्व्हे नंबरासोबत ए ते ई यांपैकी वॉर्ड लिहावा लागतो. तो चुकला तर दुसऱ्याच मिळकतीचा उतारा हातात पडतो. गावात सातबारा आणि सगळे जुने फेरफार. क्षेत्र ताडून बघताना एककाचा गोंधळ टाळा. मिळकत पत्रिकेवर चौरस मीटर असतात, सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात गुंठे. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. गुंठा आणि आर एकच धरून केलेला हिशेब मोठ्या जागेत चांगलाच चुकतो. शंका असेल तर सरकारी मोजणी आधी करून घ्या. खरेदीखताच्या दिवशी हद्दीचा वाद निघणं परवडत नाही.

कब्जेदार म्हणून ट्रस्टऐवजी एखाद्या जुन्या पंचाचं किंवा अध्यक्षाचं वैयक्तिक नाव लागलेलं असेल तर त्याचे वारस आज ना उद्या पुढं येतात. मूळ बक्षीसपत्र, दरबारची सनद, जुनी पट्टीची पावती, जे सापडेल ते जमवा. संस्थानकाळातले कागद मोडी लिपीत असतात. कोल्हापूर संस्थान मार्च १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, त्यामुळे त्याआधीचा पुरावा शोधायला कोल्हापूर पुराभिलेखागारात जावं लागतं. मोडी वाचणाऱ्याकडून अधिकृत लिप्यंतर करून घ्या आणि ते अर्जाला जोडा.

देवळाच्या जमिनीबद्दल वेगळं सांगायला हवं. सातबाऱ्यावर ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ असेल तर ती जमीन देवाची आहे. पुजारी किंवा वहिवाटदार मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये पुजाऱ्याचा दर्जा व्यवस्थापकाचा असल्याचं स्पष्ट केलं आहे. अशा जमिनीवर हस्तांतराची बंधनं इनामाच्या मूळ अटींमधूनच येतात, आणि केवळ कलम ३६ च्या आदेशाने ती उठत नाहीत. ज्या देवळांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे, त्यांच्या जमिनी गावच्या कमिटीने ठराव करून विकण्याचा प्रश्नच येत नाही. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा हा स्वतंत्र विषय. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला द्यायची असेल तर कूळ कायद्याच्या कलम ६३ ची आडकाठीही बघा. या परवानग्या एकमेकींची जागा घेत नाहीत.

किंमत ठरवायची कशी

रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्ता, मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो बाजारभाव नव्हे. समजा रेकनरने जागा ८० लाखांची निघाली आणि शेजारच्या तशाच जागेचं खरेदीखत १ कोटी १५ लाखांना झालेलं असेल, तर ८२ लाखांची ऑफर ‘रेकनरपेक्षा जास्त’ म्हणून पुढं करणं म्हणजे ट्रस्टचं नुकसान कागदावर मांडणं. नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्या आणि त्याला आजूबाजूच्या अलीकडच्या तीन-चार व्यवहारांच्या सूची क्रमांक २ च्या (नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) नकला जोडायला सांगा. जागेत जुना भाडेकरू असेल तर अहवालात रिकाम्या जागेचा आणि भाडेकरूसह असा दोन्ही भाव हवा. नाहीतर स्वस्तात विकल्याचा आरोप होतो आणि त्याला उत्तर नसतं.

त्यानंतर जाहिरात. जिल्ह्यात खरोखर वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात आणि मिळकत मोठी असेल तर इंग्रजी दैनिकातही ती द्या. वॉर्ड, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, भाडेकरू आहेत की नाहीत, अनामत रक्कम, निविदा देण्याची शेवटची तारीख आणि उघडण्याची जागा-वेळ, हे सगळं जाहिरातीत हवं. ‘ट्रस्टची जागा विकणे आहे, संपर्क साधा’ एवढी चौकट देऊन भागत नाही. सीलबंद निविदा सभेत, निविदाकारांसमोर उघडा, पंचनामा करा, तुलनेचा तक्ता बनवा. चेन्चू रामी रेड्डी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच धार्मिक-धर्मादाय मिळकत खासगी वाटाघाटीने न विकता जाहीर लिलावाने विकावी असं बजावलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००७ मध्ये शैलेश डेव्हलपर्स प्रकरणात म्हटलं की ट्रस्टच्या हितासाठी धर्मादाय आयुक्त इतरांच्या वाढीव ऑफरही विचारात घेऊ शकतात. म्हणजे सुनावणी चालू असताना कुणी जास्त रकमेची खरी ऑफर घेऊन आला तर तुमचं ठरलेलं गिऱ्हाईक मागं पडू शकतं. ही गोष्ट गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगा.

विश्वस्ताने, त्याच्या नातलगाने किंवा भागीदाराने जागा घेऊ नये. भाव कितीही चांगला असो, हितसंबंधाचा वास आला की अख्ख्या व्यवहारावर संशय बसतो.

ठराव आणि अर्ज

सभेची नोटीस घटनेत सांगितलेल्या मुदतीची, विषय स्पष्ट लिहिलेला, गणपूर्ती पुरी. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली मिळकत विक्रीचा ठराव घेऊ नका. घटनेने सर्वसाधारण सभेची मंजुरी मागितली असेल तर ती वेगळी घ्या. ठरावात मिळकतीचं पूर्ण वर्णन, विक्रीचं कारण, निवडलेली निविदा, रक्कम, पैशाचा विनियोग आणि अर्जावर सही करणाऱ्या विश्वस्ताचं नाव यावं.

अर्ज सह धर्मादाय आयुक्त, कोल्हापूर यांच्याकडे जातो. याच कायद्याखालच्या १९५१ च्या नियमांतला नियम २४ चार गोष्टी विचारतो: मिळकत हस्तांतरित करण्याबद्दल ट्रस्टच्या दस्तात काही सूचना आहे का, हस्तांतराची गरज काय, ते ट्रस्टच्या हिताचं कसं, आणि भाडेपट्टा असेल तर आधीच्या पट्ट्यांच्या अटी काय होत्या. शक्य असेल तिथं तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवालही जोडायचा असतो.

यातला गरजेचा मुद्दा अर्जाचा प्राण आहे, आणि नेमका तोच दोन ओळींत उरकला जातो. ‘संस्थेला निधीची गरज आहे’ असं लिहून काहीच कळत नाही. शाळेच्या छपराचं काम किती लाखांचं, अंदाजपत्रक कुणाचं, संस्थेकडे शिल्लक किती, जागेतून वर्षाला भाडं किती येतं आणि पट्टी-दुरुस्तीवर किती जातं, जागा राखून दुसरा मार्ग का नाही, हे आकड्यांत मांडा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडा. लेखापरीक्षण थकलं असेल तर आधी ते पूर्ण करा. पुढचा खर्च पटला नाही, तर किंमत चांगली असूनही अर्ज अडतो.

गिऱ्हाइकाशी साठेखत करायचंच असेल तर ‘धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीच्या अधीन’ हे कलम ठळक हवं आणि परवानगी नाकारली तर अनामत परत, असंही. ताबा आदेशाआधी देऊ नका. अनामत ट्रस्टच्या बँक खात्यातच, रोख एक रुपयाही नको.

प्रलंबित दावे, कुळाचा हक्क, आरक्षण, जुने करार, विरोधी गटाच्या तक्रारी, सगळं अर्जात स्वतःहून सांगा. फसवून, खोटं सांगून किंवा महत्त्वाची बाब लपवून मिळवलेली परवानगी रद्द होऊ शकते, आणि मग मिळकत परत मिळवण्यासाठी विश्वस्तांना १८० दिवसांत पावलं उचलायला सांगितलं जातं. पुण्यातल्या मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या विक्रीला दिलेली परवानगी ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली, हे ताजं उदाहरण समोर आहे. विश्वस्तांना कलम ४१-ड खाली पद गमवावं लागू शकतं, ते वेगळंच.

आदेश हातात आल्यावर

आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. खरेदीखत किती मुदतीत करायचं, पैसे कुठं ठेवायचे, कशावर खर्च करायचे, याच्या अटी त्यात असतात. मुदत संपत आली असेल तर ती संपण्याआधीच वाढीचा अर्ज द्या. अटीत बदल हवा असेल तर तोही अर्ज करून मागायचा. आपसात ठरवून अट मोडता येत नाही. आदेश पटला नाही आणि रिट याचिका करायची वेळ आली तर आता मुंबईला जायची गरज उरलेली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे.

खरेदीखतात आदेशाचा क्रमांक आणि तारीख घाला, आदेशाची प्रमाणित प्रत जोडा. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी सादर व्हायला हवा. शेतजमीन सोडून इतर मिळकतीची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तो ट्रस्टच्या पॅनवर दिसतोय का बघा. भांडवली नफ्याचं गणित आणि आलेली रक्कम पुन्हा मिळकतीत गुंतवण्याचे नियम सीएकडून आदेशाआधीच समजून घ्या. लगेच खर्च न होणारे पैसे कलम ३५ प्रमाणे, म्हणजे शेड्यूल्ड बँक, टपाल बचत यांसारख्या कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच ठेवता येतात. ओळखीच्या पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं म्हणून ते तिथं टाकू नका.

व्यवहार झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२ चा बदल अर्ज द्यायचा, म्हणजे विकलेली मिळकत परिशिष्ट एकवरून कमी होईल. हा अर्ज राहिला तर पुढच्या कमिटीला नेमकी आजच्यासारखीच दप्तरं उपसावी लागतात.

विक्री होऊन गेली असेल तर

२०१७ च्या दुरुस्तीने नंतर परवानगी देण्याची सोय कलम ३६ मध्ये आली, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी. तातडीची आणि टाळता न येणारी गरज होती, व्यवहार ट्रस्टच्या हिताचा होता, किंमत तज्ज्ञाने प्रमाणित केलेल्या बाजारभावापेक्षा कमी नव्हती, चांगला भाव मिळवायचा खरा प्रयत्न झाला होता, विश्वस्तांनी स्वतःचा फायदा करून घेतला नाही, आणि नोंदणी लागणारा दस्त नोंदलेला आहे, हे सगळं दाखवावं लागतं. नोटरी केलेल्या शंभराच्या स्टॅम्पवर जागा देऊन बसलेल्या मंडळांना हा दरवाजा उघडत नाही. अशा वेळी खरेदीदाराकडून आणखी पैसे घेऊन दुसरा कागद करू नका. जुने ठराव, बँकेची पासबुकं आणि त्या काळातलं मूल्यांकन जमवून धर्मादाय प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाकडे जा, आणि तोवर त्या जागेवर नवं बांधकाम किंवा पुढची विक्री होऊ देऊ नका.