आजाराचं नाव कळेपर्यंतची तयारी

घरातली माय आजारी आहे, काय झालंय ते सापडत नाही आणि तपासण्यांसाठी गावात वर्गणी करायची आहे, तर तो विषय काढायच्या आधी मायचे दवाखान्याचे सगळे कागद एका खाटेवर मांडून घ्या. आमच्या शेजारच्या काकूंच्या वेळी मी तिथूनच सुरुवात केली. चार महिने ताप येऊन-जाऊन होता, वजन उतरलं होतं, हातापायांना मुंग्या येत होत्या आणि तीन गावचे डॉक्टर करून झाले होते. कागद युरियाच्या पिशवीत कोंबलेले. एक्स-रेची फिल्म मधोमध दुमडलेली, कवेलूतून गळलेल्या पाण्याचे तिच्यावर डाग. रक्ताचे दोन रिपोर्ट एकाच तपासणीचे निघाले, आठ दिवसांच्या अंतराने, दोन वेगळ्या लॅबमधले. दुसऱ्या डॉक्टरला पहिला रिपोर्ट कोणी दाखवलाच नव्हता. घरातल्या दोघी मायलेकींची आठवडाभराची निंदणाची मजुरी त्यात गेली.

म्हणून कागद तारखेप्रमाणे लावा, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनाने आकडा टाका आणि मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. खाल्लेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, एका कागदावर चिकटवा. गावात येऊन सलाईन लावणाऱ्याने काय दिलं ते चिठ्ठीवर नसतं, पण पुढच्या डॉक्टरला ते कळणं फार गरजेचं असतं. मग फुलस्केपच्या एका पानावर दुखणं कसं सुरू झालं ते मायच्या शब्दांत लिहून काढा. कोणत्या महिन्यात, आधी काय, मग काय, रात्री वाढतं का, कशाने उतार पडतो. तिच्या कामाचंही लिहा: कपाशीत फवारणी चालू असताना ती वावरात होती का, धुऱ्यावर गवत कापायला जाते का, घरी शेळ्या आहेत का, पाणी कोणत्या विहिरीचं. हे रिकामे प्रश्न नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले, आणि तो ताप गवता-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. घरात कोणाला सिकलसेल (घराण्यात चालणारा रक्ताचा आजार) आहे का, कोणाला टीबीची औषधं चालू होती का, तेही त्याच पानावर. एवढं एक पान हातात असलं की ओपीडीतल्या डॉक्टरची पाच मिनिटं कामी येतात.

आता पैशाचं. यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तुम्ही ती आधीच ध्यानात घ्या. आपल्याकडच्या बहुतेक मदतीची दारं आजाराला नाव मिळाल्यावरच उघडतात. ज्याला लोक अजून ‘जीवनदायी’ म्हणतात, त्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता आयुष्मान भारतसकट कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पांढऱ्या रेशनकार्डालाही. पण ते ठरलेल्या उपचारांना, योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यावर, मंजुरी घेऊन. मुख्यमंत्री सहायता निधीला डॉक्टरच्या सहीचं, आजार आणि खर्चाचा अंदाज लिहिलेलं पत्रक लागतं. प्रधानमंत्री मदत निधीचंही तसंच. ज्या बाईला काय झालंय तेच ठरलेलं नाही, तिच्यासाठी हे पत्रक कोण देणार? ओपीडीच्या फेऱ्या, बाहेरून करायचा स्कॅन, नागपूरला राहणं, घरची बुडालेली मजुरी, हा सगळा काळ खिशातून काढावा लागतो, आणि कुटुंब सावकाराच्या दारात जातं ते याच दिवसांत. गावाने उभं राहायचं ते इथे. पहिली वर्गणी निदानासाठीच मागा आणि तसं स्पष्ट सांगा.

किती मागायचे याचा आकडा घरात बसून, वही घेऊन काढा. काकूंच्या वेळी आम्ही पहिला टप्पा ३५,००० रुपयांचा धरला: बाहेर कराव्या लागतील अशा तपासण्यांना १८,०००, दोन माणसांच्या राहण्या-खाण्याला ६,०००, येण्या-जाण्याला ३,०००, मागे घर चालायला ४,००० आणि अडीअडचणीला ४,०००. तुमचा हिशेब वेगळा येईल. पण मागे राहिलेल्या घराचा खर्च त्यात धरायला विसरू नका. महिला वॉर्डात रात्री बाईमाणूसच सोबत लागतं, म्हणजे मायची मजुरी बुडाली तशी लेकीचीही बुडते, आणि घरी म्हाताऱ्या आजीला भाकर करून घालणारं कोणी उरत नाही. प्रवासात थोडी सवलत आहे: १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट लागतं. तातडीची वेळ आली तर १०८ची रुग्णवाहिका आहेच.

पैसे कमी लागावेत म्हणून वाट नीट निवडा. आरोग्य विभागाचे दवाखाने, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. जे तिथे होतं ते तिथेच करा आणि तिथल्या डॉक्टरकडून पुढची चिठ्ठी लिहून घ्या. नागपूरचे मेडिकल आणि मेयो हे सरकारी कॉलेजचे दवाखाने वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथे दर कमी असले तरी लागतात. नागपूरलाच मिहानमध्ये एम्स आहे, यवतमाळ, अकोला, चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगीचा मेडिकल कॉलेजचा दवाखाना जवळ पडतो. माझं मत असं की आजार ओळखू येत नसेल तेव्हा एकेका तज्ज्ञाच्या खासगी दवाखान्यात फिरण्यापेक्षा सगळे विभाग एका आवारात असलेल्या कॉलेजच्या दवाखान्यात जावं. तिथे रांग मोठी असते, पण मेडिसिनच्या डॉक्टरला शंका आली तर तो त्याच आवारातल्या मेंदूच्या किंवा रक्ताच्या डॉक्टरकडे पाठवतो. ट्रस्टचा दवाखाना असेल तर विचारा: धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटा, तेच त्यांचं काम आहे.

सरकारी कागद आजाराला नाव मिळण्याआधीच तयार ठेवा, कारण नाव मिळालं की एकेक दिवस मोलाचा होतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सेतूमधून काढून घ्या. रेशनकार्डावर मायचं नाव आहे ना आणि ते आधारशी जुळतं ना, हे आजच बघा. आधारावर ‘बाई’, रेशनकार्डावर ‘ताई’ आणि बँकेच्या पासबुकावर माहेरचं नाव, एवढ्यावरून आमचे नऊ दिवस गेले होते. आयुष्मान कार्ड आशाताईंकडून किंवा सेवा केंद्रातून काढता येतं. माय ७० वर्षांच्या वर असेल तर उत्पन्नाची अटही नाही. कोणता दवाखाना योजनेत आहे ते १५५३८८ वर विचारता येतं, आणि दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल शोधायचं. आमदारांचं पत्र मिळालं तर घ्या, पण त्याच्या भरवशावर कागद अर्धवट सोडू नका.

वर्गणी मागायच्या आधी मायला विचारा. हे काम मी सगळ्यात शेवटी केलं आणि ते चुकलंच. काकू खाटेवर उठून बसल्या आणि म्हणाल्या, “माह्या नावानं भीक नोका मांगू, बाप्पा.” त्यांची लेक रडायला लागली. शेवटी बचत गटातल्या एका आजींनी समजूत काढली: “हे सावड हाये बाई. तू आमच्या निंदनाले आली, आता आमी तुह्या दवाखान्याले.” त्यावर काकू राजी झाल्या, पण दोन अटी घातल्या: फोटो टाकायचा नाही आणि जावयाच्या गावात सांगायचं नाही. दोन्ही आम्ही पाळल्या. आजारी बाईचा, नळ्या लावलेला फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला की परत आणता येत नाही. तिचं दुखणं तिचं आहे, किती सांगायचं ते तिनेच ठरवावं.

मजकूर छोटा ठेवा आणि जे माहीत नाही ते लिहू नका. आमच्यातल्या एकाने जोर यावा म्हणून ‘कॅन्सरशी झुंज’ असं लिहून आणलं होतं. मी ते फाडलं. उद्या कॅन्सर नाही असा रिपोर्ट आला तर आनंद करायच्या जागी घरच्यांना गावापुढे मान खाली घालावी लागली असती. आम्ही लिहिलं ते असं: “आपल्या वॉर्डातल्या एका माउलीला चार महिन्यांपासून ताप आहे. काय झालंय ते अजून सापडलेलं नाही. तपासण्या आणि नागपूरला राहण्यासाठी ३५,००० रुपये हवे आहेत. एवढे जमले की मागणं थांबवू. निदान झाल्यावर काय ते कळवू आणि हिशेब शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवू.” रक्कम आणि थांबायची जागा लिहिली की देणाऱ्याचा हात मोकळा होतो. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली गावची पोरं, जुने विद्यार्थी, बचत गट, भजन मंडळ, कृषी केंद्रवाले, यांना ग्रुपवर टाकून गप्प बसू नका, एकेकाला फोन करा. ग्रुपवरचा निरोप वाचून बहुतेक जण नुसते हात जोडतात.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे यावर भांडणं होतात, म्हणून ते आधी ठरवा. सगळ्यात बरं ते मायच्या किंवा लेकीच्या खात्यात, आणि भरती झाल्यावर मोठी रक्कम देणाऱ्याने थेट दवाखान्याच्या खात्यात भरलेली बरी. तुमच्या स्वतःच्या खात्यात घेऊ नका, कितीही चांगल्या मनाने असलं तरी. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात ५०,००० रुपयांवर मिळालेली रक्कम आयकराच्या हिशेबात उत्पन्न धरली जाऊ शकते, त्यामुळे प्रत्येक बिल जपून ठेवा. एका माणसाला थेट दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला आयकरातली ८०-जीची सूट नसते, कोणी नोकरदाराने विचारलं तर खरं सांगा. पावती पुस्तक छापून बाजारात वर्गणी करायची असेल तर आधी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारून घ्या, गणपती मंडळंही तिथूनच परवानगी घेतात. वही मात्र एकच ठेवा, शंभर पानी. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले. नाव नको म्हणणाऱ्यासमोर ‘एक गावकरी’ लिहा, आणि दहा रुपये देणारी मजूर बाई असली तरी तिची ओळ पूर्ण लिहा.

हंगामही बघावा लागतो. जूनमध्ये बी-बियाण्यात सगळ्यांचेच खिसे रिकामे असतात. कापूस-सोयाबीनचा चुकारा हातात आला की लोक देतात, पण आजार दिवाळीपर्यंत थांबत नाही. अशा वेळी धान्य मागायला लाजू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आजूबाजूच्या खेड्यांत ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला, कारण शेतकऱ्याच्या घरी रोकड नसते तेव्हाही कणगीत काहीतरी असतं. आम्हाला दीड पोतं ज्वारी आणि तूरडाळ मिळाली, मागच्या घराचे ४,००० रुपये तिथेच वाचले. पैसे देता न येणाऱ्यांकडून दिवस मागा: कोणी दोन दिवस निंदण करून देईल, कोणी गाय दोहेल, कोणी पोराला शाळेत सोडेल. रक्त द्यायला तयार असलेल्या चार-पाच जणांची नावं, रक्तगट आणि नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहा.

घरच्यांना एक विनवणी. निदान व्हायच्या आधी बैलजोडी विकू नका, वावर गहाण टाकू नका, कोणाचा इसार घेऊ नका. घाबरलेल्या माणसाला गिऱ्हाईक ताबडतोब भेटतं आणि भाव निम्मा देतं. आजाराला नाव मिळालं की कदाचित उपचार योजनेत बसतील, कदाचित साध्या गोळ्यांवर भागेल. मग विकायचं की नाही ते चार माणसांत बसून ठरवता येईल. कर्ज लागलंच तर बचत गटाचं घ्या, त्याला किमान वही तरी असते.

निघायच्या आदल्या रात्री पिशवी भरा. फाइल, फुलस्केपचं पान, आधार-रेशनकार्डाच्या पाच-पाच झेरॉक्स आणि मूळ प्रती वेगळ्या. सुटे पैसे, चार्जर, दोन पेन, पाण्याची बाटली, चादर, ताट-वाटी, मायची जुनी मऊ साडी पांघरायला. रक्त तपासायचं असेल तर उपाशी यायचं का, ते आधी फोनवर विचारून ठेवा. डॉक्टरशी कोण बोलणार ते एकच माणूस ठरवा आणि रोज संध्याकाळी गावाकडे फोनही त्यानेच करावा. काकूंची लेक ते करायची. सातव्या दिवशी तिचा फोन दुपारीच आला, तेव्हा मी वही घेऊन ओट्यावर बसलो होतो. “दादा, नाव सापडलं,” ती म्हणाली आणि एकेक अक्षर सांगत गेली. मी उजव्या पानावर ते उतरवून घेतलं, मग तिला म्हणालो, “आता आरोग्यमित्राच्या टेबलावर जाय, मी दाखला घेऊन उद्याच्या पहिल्या गाडीनं येतो.”