मराठी वेबसाइट सगळ्या फोनवर आणि ब्राउझरवर नीट दिसावी म्हणून

क्रोम, एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट: नावं चार, आतलं इंजिन (कोड वाचून पान पडद्यावर उमटवणारा भाग) एकच, ब्लिंक. चौघांत पान ठीक दिसलं म्हणजे चाचणी झाली असं नाही. फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट वेगळं तपासावंच लागतं. भारतात आयफोनवरचं क्रोमही वेबकिटवरच चालतं. संगणकावरच्या ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला मोबाइल व्ह्यू पडद्याचं माप बदलतो, इंजिन नाही. त्यामुळे एखादा खरा आयफोन हाताशी हवा.

सुरुवात हेडपासून, म्हणजे एचटीएमएल फाइलच्या माथ्यावरच्या सूचनांपासून. कॅरेक्टर सेट (अक्षरांची संकेतपद्धत) यूटीएफ-८, तोही पहिल्या १०२४ बाइटच्या आत. व्ह्यूपोर्टची (पान दिसण्याच्या चौकटीची) विड्थ डिव्हाइस-विड्थ ठेवा. ही ओळ राहिली तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो. लँगमध्ये (पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेत) एमआर म्हणजे मराठी लिहा, एचआय म्हणजे हिंदी नको. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, ते यावरूनच निवडले जातात.

सगळ्यात जास्त बिघाड फॉन्टपाशी होतो. फाइल हलकी व्हावी म्हणून वॉफ-२ या वेबफॉन्ट फाइलचा सबसेट (निवडक अक्षरांची छोटी फाइल) करतात आणि युनिकोडचा (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीचा) ०९०० ते ०९७एफ एवढाच देवनागरीचा पट्टा ठेवतात. मग रुपयाचं चिन्ह भलत्याच फॉन्टमध्ये उमटतं, कारण ते २०बी९ वर आहे. ‘दुसर्‍या’ असं लिहिताना लागणारा अदृश्य जोडक २००डी वर असतो. तोही घ्या, सोबत जोड रोखणारा २००सी. जोडाक्षरांचे नियम असलेला जीसब तक्ता सबसेटमध्ये गळला, तर ‘क्ष’चा थेट ‘क्‌ष’ होतो.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममधून ते मथळ्यांना हमखास चिकटून येतं. लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या १.६ ते १.८ पट. बटणाला ठरावीक हाइट आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर जाणारा भाग लपवणारा नियम) असेल, तर ‘र्की’ वरून आणि ‘ट्रू’ खालून छाटलं जातं. त्याऐवजी मिन-हाइट (किमान उंची) आणि पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या. चाचणीचा मजकूरही अशाच अक्षरांचा घ्या, लोरेम इप्सम या नमुन्याच्या लॅटिन मजकुराने यातलं काहीच उघडं पडत नाही.

मांडणी आधी ३६० पिक्सेल रुंदीसाठी करा, मोठ्या पडद्याचे नियम मिन-विड्थ मीडिया क्वेरीत (ठरावीक रुंदीपासून पुढेच लागू होणाऱ्या भागात). फॉर्मच्या रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर आयफोनवर रकान्याला बोट लावताच पान झूम होतं. त्यासाठी झूमच बंद करणारे बरेच आहेत. ज्यांना बारीक दिसत नाही त्यांचे त्यात हाल. अक्षर मोठं करा. पूर्ण पडदाभर उंचीसाठी आधी १०० व्हीएच (पडद्याच्या उंचीचं माप) लिहा, त्याखालच्या ओळीत १०० डीव्हीएच (ब्राउझरची पट्टी दिसते-लपते तसं बदलणारं माप). जुना ब्राउझर न कळलेली ओळ सोडून देतो, नवा तीच पाळतो, आणि तळाचं बटण ब्राउझरच्या पट्टीमागे दडत नाही.